भिंतीमागची सळई

आदिलाबादला आमची भाड्याची खोली घरमालकाच्या परसात होती. मालक कचेरीत पेशकार, बोली आमचीच, पण नियत? राम राम! मीटर फिरू नये म्हणून त्यानं एकच वायर जमिनीखालून आमच्या खोलीत आणली. दुसऱ्या वायरीच्या जागी मागच्या भिंतीशी लोखंडी सळई ठोकली. करंट तिच्यातून परस्पर मातीत जायचा.

उन्हं तापली, माती वाळली की बल्ब मिणमिणायचा. सळईच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतलं की पुन्हा उजेड. पण आधी बटन बंद करावं लागायचं, नाहीतर सळई झटका द्यायची. रोज दिवेलागणीला माय शेतातून यायची, बादली उचलायची आणि भिंतीमागून विचारायची, "बटन बंद केलं काय वं?" मी बंद करायची आणि म्हणायची, "टाक, बंद हाये." घरातलं माझं काम एवढंच.

दहावीची परीक्षा आली. आमच्या घरात तिथवर पोचलेली मी पहिलीच, त्याचा माज काय सांगू! दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता. मायनं विचारलं तेव्हा माझं उदाहरण अर्धं झालं होतं. बटन चार पावलांवर. कोण उठेल? बसल्या जागेवरून ओरडले, "टाक, बंद हाये."

बल्ब एकदम लख्ख झाला. मला आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला. मग बादली पडली.

मी बटन बंद करून पळाले. माय चिखलात पडली होती, उजवा पंजा भाजून काळा पडलेला. मालक धावत आला, तो आधी सळईकडे. उपटून कडब्यात लपवली आणि मग मायला म्हणाला, "दवाखान्यात चुलीवर भाजलं म्हणून सांगजो. नाई तं खोली खाली करा."

मायनं तसंच सांगितलं. शेजारणींना म्हणाली, "मीच इसरली विचाराले." तीन बोटं आत वळली ती कायमची. कापूस वेचणं संपलं. मी गणितात शाळेत पहिली आले. जळो मेले ते मार्क!

तिनं मला कधी एका शब्दानं विचारलं नाही.

मास्तरीण झाल्यावर मी घर बांधलं. हक्काचं मीटर, कोळसा-मीठ घालून नीट अर्थिंगचा खड्डा. उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा, असं वायरमन सांगून गेला. मायनं डाव्या हातानं बादली भरून आणली.

मी म्हटलं, "माय, इथं काही होत नाही. बटन बंद करायची गरज नाही."

तिनं बादली माझ्यापुढं ठेवली. "मी पाह्यतो बटन. तू टाक."

ती आत गेली. मी बादली धरून उभी. आतून तिचा आवाज आला, "टाक, बंद हाये."

माझा हात पुढं होईना.