दारापर्यंत डोंगा

आमी दोघा नवराबायकोनी मिळून शेवटचं काम केलं ते ओटा सारवायचं. दिवाळी तोंडावर आली होती. पांढरी माती मी पल्याडच्या काठावरून डोंग्यात घालून आणली, शेण कालवून दिलं. सारवायची ती. उजवा पाय तिचा गुडघ्यात वाकलेला, तो सरळ होत नसायचा. बसल्या बसल्या एक हात टेकून मागं सरकायची आणि पुढं सारवत जायची.

मी म्हणलं, "एवढं मन लावून काहून सारवून राहिलीस? औंदा उठायचंच हाय इथून."

"दर औंदाला उठायचंच असतं तुमाला."

"ह्या टायमाला खरंच."

"बरं. मग सारवून उठू. मागून येणाऱ्यानं नाव ठेवायला नको."

"इथं कोण येतंय मागून? माणूस फिरकत न्हाई."

"मग तर लईच बरं. सारवलेलं टिकंल."

एवढंच बोलणं. दुपारी म्हणली, छाती भरल्यावानी वाटतंय, जरा अंग टाकते. उन्हं कलली तवा मी हाक मारली. ती उठली न्हाई.

निजामाचं राज्य गेलं त्या सालची ही गोष्ट. आज मी म्हातारा झालो तरी लोक इचारतात, आसरांच्या डोहावर घर काहून केलं? आसरा म्हंजे पाण्यातल्या सात देवी. खोल पाण्याच्या काठाला त्यांचे सात दगड असतात, शेंदूर लावलेले. तिथं कुणी घर बांधत न्हाई. आमी बांधलं. काहून बांधलं ते सांगतो.

आमी मूळचे कयाधूच्या काठचे. पावसाळ्यात नदीला पाणी चढलं की लोकांना डोंग्यातून उतरवायचं, हे आमचं काम. बापानं केलं, मी केलं. मग सडकेवर पूल झाला. त्या सालचा पावसाळा मी काठावर बसून काढला. पुलावरून बैलगाड्या जायच्या, ओळखीची माणसं वरून हाक मारायची, "काय भोई, बरं हाय ना?" बरं काय असतंय. मला एका जागी बसवत नव्हतं. उठायचं, डोंग्यातलं पावसाचं पाणी उपसायचं, पुन्हा घरात यायचं, पुन्हा उठायचं.

ती म्हणली, "असे येरझारे घालून गिऱ्हाईक पुलावरून खाली उडी मारणार न्हाई. माझ्या भावाच्या गावाला तळं हाय. मासळी हाय, शिंगाडे लावतात. तिकडं जाऊ."

तिच्या पायाचं सांगायचं राहिलं. लग्न झाल्यावर दोनतीन सालातच तिला नारू झाला होता. पायातून दोऱ्यासारखा किडा निघतो, तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा असतो. तिचा आतच तुटला. पाय सुजला, पिकला, आणि वाळला तो वाकडाच. त्यावर तिला चार पावलंबी टाकता येईनात. पण डोंग्यात बसली की ती कुणाला ऐकायची न्हाई. बांबू माझ्यापेक्षा बरा रेटायची. नदीला असताना डोंगा दारातच असायचा. घासत घासत गेली की डोंग्यात. म्हणून दुसरीकडं घर करायचं तर एकच गोष्ट बघायची होती, डोंगा दारापर्यंत यायला पाहिजे. न्हाईतर ती घरातच राहिली असती, मडक्यावानी.

डोंगा न्यायला बाळापूरच्या एका चाचाची गाडी सांगितली. चाचानं डोंग्याकडं बघितलं, बैलांकडं बघितलं.

"भोई, नाव पानी में चलती. मेरे बैल के पीछू नै चलती."

ती डोंग्यातच बसून होती. म्हणली, "चाचा, तुमच्या बैलाला सांगा, पाणी आलं की मी त्यांना बसवून नेईन."

चाचा हसला, दोर बांधायला लागला. गाडीवर डोंगा, डोंग्यात ती, मांडीवर पीठ दळायचं जातं. वाटेवरच्या गावातली लेकरं मागं पळायची. मी गाडीच्या पुढं चालून राहिलो होतो. शरम वाटत होती मला. तिला न्हाई.

तिचा भाऊ गावात भोई गल्लीत राहायचा. गल्ली उंचावर, तळ्यापासून लांब. तो म्हणला, "ताई, माझ्या घराला लागून जागा हाय. कूड घालू, छप्पर टाकू."

"गल्लीतून पाण्यापर्यंत मी कशी येऊ?"

"मी आणीन की उचलून."

"तू आणशील. तुझी बायको रोज बघंल. मग एक दिवस बोलंल."

भावजय चुलीपाशी होती. तिनं ऐकलं आणि चुलीत लाकूड सारलं. मला तर वाटत होतं गल्लीत राहावं. चार माणसं शेजारी असली की माझं डोकं जरा जागेवर राहतं. पण हिचं म्हणणं बराबर होतं.

मग आमी काठ बघितला. तळ्याला एका अंगाला मातीची पाळ, तिच्या खाली गाव. पाळीवर संध्याकाळी मासळीवाल्या बाया बसायच्या. तिला तिथंच बसायचं होतं, टोपलं पुढं ठेवून. गावाच्या समोरच्या अंगाला, पाण्यापल्याड, मुरमाचा साफ उतार होता. पाणी अगदी हळू खोल होत गेलेलं. चिखल न्हाई, काटा न्हाई. नदीवर असा उतार दिसला की भोई तिथंच डोंगा लावतो. आमी दोघंबी म्हणलो, हीच जागा. कापसाच्या पऱ्हाट्यांचा कूड घातला, वरून गवत टाकलं. डोंगा दाराच्या मेढीला बांधला. हिवाळाभर ती एकटी डोंग्यातून पाळीवर जायची, मासळी विकून यायची. मी जाळं टाकायचो.

होळी झाली आणि पाणी मागं सरकायला लागलं. नदी आटली तरी धार आपल्या काठाला राहते, तिच्यामागं दोन हात जावं लागतं फार तर. तळं तसं न्हाई. उतार जेवढा सपाट, तेवढं पाणी लांब पळतं. चैत्रात दारापुढं नुसता काळा चिखल पसरला, वर भेगा, खाली लगदा. डोंगा पार तिकडं, बगळ्यांच्या पलीकडं.

मी तिला पाठीवर घेऊन चिखलातून न्यायला लागलो. पाळीवरच्या बाया वाटच बघायच्या.

"अवं वैनी, आज बी वरात?"

"व्हय. घोडं म्हातारं हाय, पण मुकाट्यानं चालतंय."

बाया हसायच्या, तीबी हसायची. मग एक दिवस माझा पाय लगद्यात गेला आणि आमी दोघं, टोपल्यासकट, आडवे झालो. मासळी चिखलात. तिला मी घरी आणून बसवली, तोंड धुतलं. दुसऱ्या दिवशी मी पाठ पुढं केली तर म्हणली, "तुमी जा. मी न्हाई येत."

त्यानंतर ती आलीच न्हाई. दारात बसायची आणि पाण्याकडं बघायची. बडबडी बाई, पण मी आलो तरी इचारायची न्हाई, बाजारात काय झालं. मला ते घर नको झालं. म्हणलं गल्लीत जाऊ, म्हणलं पैनगंगेवर जाऊ, म्हणलं वारंग्याकडं कुठंतरी बघू. ती मान हलवायची, व्हय म्हणून की न्हाई म्हणून ते कळायचं न्हाई.

वैशाखात, पाणी अगदी तळाला गेलं तवा, तीच म्हणली, "मला एकदा डोंग्यापर्यंत न्या. सगळं तळं फिरून बघायचं हाय."

"आता काय बघायचं? पाणीच न्हाई."

"म्हणूनच. तळ्याचं घर उन्हाळ्यात बघावं. आपण भरल्या पाण्यात बघितलं, म्हणून फसलो."

फिरलो. सगळीकडं तेच, चिखल आणि मग पाणी. पाळीच्या दूरच्या टोकाला मात्र खडप होतं, काळ्या दगडाचा उभा कडा. त्याच्या पायथ्याशी पाणी हिरवंगार. बांबू घातला, तळ लागला न्हाई. कड्यावर एक घर बसंल एवढी सपाटी, आणि तिथं ते सात दगड.

ती म्हणली, "इथं."

मी म्हणलं, "डोकं फिरलं काय तुझं?"

गावात कळलं तसा तिचा भाऊ धावत आला. "ताई, तिथं अंधार पडल्यावर कुणी थांबत न्हाई. आसरा धरतात."

"मी कुठं जाऊ त्यांच्याकडं? मला चालता येतंय का? त्यांनाच यावं लागंल. आल्या तर बसवीन, चहापाणी करीन."

"चेष्टा नको करू."

"चेष्टा न्हाई. त्या बाया हायत, मी बी बाईच हाय. आमचं आमी बघू."

तिनं सात पानांवर दहीभात वाढला. सात हिरव्या बांगड्या, हळद, कुंकू. मी मागं उभा. ती त्या दगडांशी बोलली, शेजारणीशी बोलावं तशी, "बायांनो, मला दारात पाणी पाहिजे. ते तुमच्याचकडं हाय. तुमच्या पाण्याला मी पाय लावणार न्हाई, डोंग्यातूनच जाईन. पोळ्याला, दिवाळीला तुमचं पान तुमाला." मग माझ्याकडं वळून म्हणली, "झालं. मेढी रोवा."

कड्याला मी छिन्नीनं पायऱ्या पाडल्या, बसून उतरता येईल अशा रुंद. पाणी चढो, उतरो, डोंगा कुठल्या तरी पायरीला लागायचाच. तिथून ती रोज पाळीवर गेली. आमाला लेक झाली ती तिथंच, आणि तिथूनच ती साखऱ्याला नांदायला गेली, डोंग्यातूनच.

मला मात्र तिथं कधी चैन पडलं न्हाई. वारा रात्रंदिवस. शेजार न्हाई. पाण्यात काही वाजलं की मी उठून बसायचो. दरसाल म्हणायचो, उठू. त्या शेवटच्या सालात तर निजामाच्या राज्यातल्या दंग्यांना भिऊन चहूकडून लोक पैनगंगेपल्याड जाऊन राहिले होते, गाड्या भरभरून. मी दोनदा गोधड्या बांधल्या. ती म्हणली, "पल्याड जायचं, मग पुन्हा पहिल्यापासून काठ हुडकायचा. पुन्हा एक उन्हाळा मी दारात बसायचं. तुमाला जायचं तर जा, डोंगा ठेवून जा." मी गोधड्या सोडल्या.

आणि मग तो ओटा, ती दुपार.

तिला नेणारी माणसं खडपावर यायला तयार नव्हती. पाळीवर थांबली. मीच तिला उचलली, पायऱ्या उतरलो, डोंग्यात निजवली आणि बांबू रेटत तिकडं नेली. तिथून चौघांनी खांदा दिला. दिवस बुडायच्या आत सगळं आटपलं. साखऱ्याला माणूस धाडला होता, पण साखरा लांब, लेक कुठून पोचणार.

पाळीवरची एक म्हातारी माझ्या ऐकण्यात म्हणली, "आसरांनीच नेली. सांगून बी ऐकलं न्हाई."

मी म्हणलं, "इतकी सालं काय झोपल्या होत्या का आसरा? त्यांची पानं ती वाढायची. तू वाढलंस का कधी?"

पण तिचं बोलणं माझ्या डोक्यातून निघालं न्हाई. त्या रातीला मेव्हण्यानं मला गल्लीतच ठेवलं. म्हणला, "दाजी, आता तिकडं एक दिवस राहायचं न्हाई. सकाळी सामान घेऊन या. जागा तशीच हाय अजून." भावजयीनं पाणी तापवून दिलं. इतकी सालं मला जे पाहिजे होतं, ते सगळं पुढ्यात आलं.

सकाळी उठलो आणि डोंगा घेऊन खडपावर गेलो सामान आणायला. गोधड्या खाली नेल्या, जाळं नेलं, कुऱ्हाड नेली, जातं उचललं. चारपाच खेपा झाल्या. माझे पाय धड होते. पायऱ्या चढलो, उतरलो, दम लागला न्हाई. मला तळ्याच्या कुठल्याबी काठाला राहता आलं असतं. गल्लीत, मुरमावर, वारंग्याला, पैनगंगेला. कुठंच काही अडत नव्हतं. काठ बघायचा तो कशासाठी, तेच उरलं न्हाई, आणि ते मला सोसंना.

सामान तसंच डोंग्यात ठेवलं. पीठ तेवढं वर आणलं. सुतकात घरात चूल पेटवत न्हाईत, भावकी जेवण आणते. खडपावर कोण आणणार? मी चूल पेटवली. भाकर मला कधी नीट जमली न्हाई, पीठ सैल झालं, थापताना कड तुटली.

पाळीवरून मेव्हण्यानं हाक दिली. पाण्यावरून आवाज अगदी जवळ येतो.

"दाजी, येता का? का येऊ मी पाळीपाळीनं?"

मी बाहेर येऊन हात वर केला. हाताला पीठ होतं. त्याला त्यातून काय समजलं कुणास ठाऊक. थोडा वेळ उभा राहिला, मग गावाकडं गेला.

मी आत येऊन भाकर उलटली.