माणिकभाऊंचा प्रॉम्प्टर

स्टेजवर मुलीचा बाप म्हणून रडून झालं की माणिकभाऊ विंगेत जात नसत. तोंडाच्या रंगासकट तसेच खाली उतरत आणि ऑर्गनवर बसत. नायिकेचं गाणं वाजवून झालं की पुन्हा वर, पुन्हा बाप. वडशाच्या नाटक कंपनीत मी प्रॉम्प्टर. स्टेजच्या पुढ्यात, ऑर्गनला खेटून माझी जागा. सतरा वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसला.

ते सिंदेवाहीकडचे. वडील विहारात पेटीवर भीमगीतं म्हणत, आणि माणिक समोर बसून त्यांची बोटं बघे. समोरून, आरशात पाहिल्यासारखं शिकल्यामुळे उजव्या हाताचे सूर डाव्या हातात आले ते तिथेच राहिले. पोरानं मास्तर व्हावं असं वडिलांना फार वाटे. पोरगं नाटकाच्या गाडीत जाऊन बसलं. पुढे एका गावी बापाचं काम करणारा नट आलाच नाही, तेव्हा ऑर्गनवाल्यालाच मिशी चिकटवून उभं केलं. ‘‘आयकून आयकून समदं पाठच होतं. मले कोनी इचारलंच नोतं!’’ असं ते हसून सांगत.

आमच्याकडे तालमी नावापुरत्या. हंगामात आज एक नाटक, उद्या दुसरं. नट सगळे प्रॉम्प्टरच्या भरवशावर. दोन-तीन वर्षांपूर्वी माणिकभाऊ बोलण्याआधी माझ्या तोंडाकडे बघू लागले. जन्म स्पीकरशेजारी गेलेला, कान गेले होते. ऑर्गन बोटांच्या सवयीवर निभावत होता, पण संवाद कसे निभावणार?

‘‘कोनाले सांगू नोको,’’ ते म्हणाले. ‘‘वाजवनारे लय भेटतात, बाबू. पन बापाचं काम गेलं तं मी काऊन जगू?’’

मी आवाज चढवला. मग पुढच्या रांगांना नटाआधी मीच ऐकू जायला लागलो. एका रात्री मध्यंतरात कंपनीचे मालक भडकले. ‘‘नाटक तू करून राह्यला का? दुसरा प्रॉम्प्टर आनू?’’ मी घाबरलो आणि आवाज खाली आणला. खोटं कशाला बोलू, मला माझंच पोट दिसत होतं.

त्याच प्रयोगात सासरी निघालेली लेक बापाच्या पाया पडली. मी वाक्य पुटपुटलो. माणिकभाऊंनी माझे ओठ पाहिले, अंदाज बांधला आणि आदल्या दिवशीच्या नाटकातल्या दुष्ट पाटलाचं वाक्य गरजले, ‘‘चालती हो! पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस!’’ लोक खदखदून हसले, शिट्ट्या पडल्या. पोरगी पायाशीच थिजली. माणिकभाऊंना ते हसू ऐकू आलं नसावं, पण दिसलं. ते खाली उतरले आणि पाठवणीचं गाणं शेवटपर्यंत नीट वाजवलं.

सकाळी ते गावी निघाले. मी बसस्टँडवर गाठलं आणि म्हटलं, ‘‘भाऊ, मी मुद्दाम हळू बोललो.’’ त्यांनी कान पुढे केला. पुन्हा सांगितलं, तरी कळेना. शेवटी मी ओरडलो. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली.

माणिकभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘एवढा आवाज काल पायजे होता, बाबू,’’ ते म्हणाले, आणि बसमध्ये चढले.