मेथीच्या बियांची फुलदाणी

जुन्या काचेचं मला वेड आहे. घरात चहाला एकसारखे दोन कप सापडायचे नाहीत, पण फुलदाण्या, अत्तरदाण्या, हंड्या मिळून सतरा नग. "काच आत झोपू दे, आपण ओट्यावर झोपू," असं नवरा म्हणतो. म्हणू दे.

रिसोडला मी शाळेत शिकवते आणि भाजी केनवडच्या बाजारातून, एका मावशीकडून घेते. एकदा तिच्याजवळची मेथी संपली, म्हणून मला घरीच घेऊन गेली. ती मागच्या वाफ्यात मेथी उपटत होती, तेव्हा मला फळीवर डब्यांच्या रांगेत एक हिरवी फुलदाणी दिसली. आत मेथीचं बी, वर धुराची पुटं.

उचलून बघितली. बुडाला खरखरीत गोल व्रण, म्हणजे हातानं फुंकलेली, कारागिरानं सळईवरून तोडलेली. काचेत बारीक बुडबुडे. पदरानं पुसलं तर खालून सोनेरी वेल निघाली. सोन्याचं पाणी होतं ते. मला मोह सुटला, खोटं कशाला बोलू.

मावशी आल्यावर विचारलं, "ही कुठून आली?"

"सासूनं आनली म्हनत, कोन्या कापसाच्या शेठकडून. सासू गेली, आता कोनाले इचारू?"

सोन्याचं मी तिला सांगितलं नाही. भाव वाढेल ना. विकत मागितली तर तीच रागावली. "इकाची कायले? आवडली तं घेऊन जा. पन आज नाई. बी काढून ठेवतो, पुढच्या बाजारी या." मी मोबाइलवर एक फोटो तेवढा काढून घेतला.

आठवडाभर डोक्यात तीच. कुठल्या विलायती भट्टीतली असेल? बोटीतून उतरल्यावर इथवर बैलगाडीनं आली की काय? आणि शेठनं ती मावशीच्या सासूला दिलीच कशी? फोटो मोठा करून मी वेलीची पानं मोजली. एकवीस भरली.

पुढच्या बाजारी मावशीनं धुतल्या फडक्यातून फुलदाणी काढली. लख्ख हिरवी. वेल नव्हती.

"असं मळकट कसं देऊ तुमाले?" ती म्हणाली. "पिवळं पिवळं राखेनं निघे ना. मंग तारेच्या घासनीनं दोन दिवस घासलं." तिची बोटं सोलवटली होती. रिकामं भांडं कसं द्यायचं, म्हणून आत मूठभर बी ठेवलं होतं.

मला असा संताप आला की वर्गात ओरडते तशी ओरडणार होते. पण काय म्हणून ओरडणार? सोनं आहे हे मीच तर लपवलं होतं.

"तुमी फोटू काढला होता नं," ती म्हणाली, "दाखवा बरं. किती फरक पडला पाहू."

दाखवला. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

"बाप्पा, किती मळ होता."

"हो मावशी," मी म्हणाले, "खूपच होता."