अखाजीला अक्का का आली नाही

लढाईचे दिवस होते, त्या वर्षीची ही अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. चाळीसगावजवळच्या आमच्या गावात सासरी गेलेल्या सगळ्या लेकी सणाला माहेरी आल्या होत्या. माझी थोरली बहीण, अक्का, तेवढी आली नव्हती. जो भेटेल तो मलाच विचारी. मग मी साक्रीकडच्या तिच्या सासूला कधी ताप आणत असे, कधी तिचा पाय मोडत असे. खोटं बोलून बोलून माझं डोकं उठलं होतं.

खरं असं होतं, की नवऱ्याने सवत आणून अक्काला हाकलून दिलं होतं. भर दुपारी बोचकं घेऊन ती आमच्या ओट्यावर आली, आणि वडिलांनी, म्हणजे नानांनी, आतून कडी लावून घेतली. आता ती धुळ्याला लांबच्या एका मावशीकडे दळणकांडण करून राहत होती. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती.

शेवटी निंबाच्या झोक्याखाली बसून दोघी जिवाभावाच्या मैत्रिणींना मी सगळं सांगून टाकलं. कोणीतरी एकदा म्हणावं, नानांचं चुकलं. एवढंच मला हवं होतं.

सोनाराच्या पोरीने पहिला प्रश्न काय करावा?

"तिना डागिना कोनजवळ शेतस?"

मग लगेच, "सवत गोरी शे का वं?"

सवत गेली खड्ड्यात, म्हटलं. तर बाईसाहेबांनी मला गौराईला नवस बोलायला सांगितलं! कडी नानांनी लावली होती, गौराईने नव्हे. कुठून अवदसा आठवली आणि हिच्यापाशी बोलले, असं मला झालं.

दुसरी आमच्या शेजारची. तिला हळद लागायला थोडेच दिवस उरले होते. ती मघापासून निंबाच्या काड्या मोडत बसली होती. मी तिच्यावरही खेकसले, "तू तं बोल काही!"

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मी अशी परत उनू, तं मना बाप बी कडी लाई का?"

"काहीतरी अभद्र बोलू नको," मी ओरडले.

अक्का आली त्या दुपारी तिचे वडील आमच्याच घरात सुपारी कातरत बसले होते. कडी लागल्यावर पसंतीची मान डोलावून ते म्हणाले होते, "बरं कयं, नाना." एवढं सगळं ओकून टाकलं, पण हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.