काकूने घासलेला खडक

मालाडला मार्वेच्या खाडीत आमच्या आजोबांच्या वहिवाटीचा एक खडक होता. एवढा मोठा, की त्यावर उभं राहिलं तर कराची दिसायची. साठच्या दशकात बाबा आणि काका वेगळे झाले, तेव्हा भांडी वाटली, अंगण वाटलं आणि चुन्याची रेघ मारून या खडकाचीही फाळणी झाली. त्यावरची कालवं विकूनच तर दोन्ही चुली पेटत होत्या.

आमची रीत अशी, की कोयतीने कालवाची वरची शिंप उडवायची, मांस काढायचं आणि खालची शिंप खडकाला तशीच चिकटलेली ठेवायची. काकू विक्रोळीच्या कारखान्याच्या वसाहतीतली. तिच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून बसायची. तिने आपल्या वाट्यावरची एकूणएक शिंप खरवडली, वर सोडा टाकून काथ्याने घासलं.

"उकिरड्यात कोण राहायला येईल? माझा खडक बघा, आरसा!"

पुढच्या हंगामात आईच्या बाजूला कालवांवर कालवं, आणि काकूच्या आरशात एक नाही.

"करणी केलीत तुम्ही, वहिनी!"

"तुझ्यावर लिंबू कोण फुकट घालवेल गो?"

मी तेव्हा अंधेरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होतो, म्हणजे गप्प बसणं शक्यच नव्हतं. म्हटलं, "काकू, कालवाचं पिल्लू टाचणीच्या टोकाएवढं, पाण्यातून वाहत येतं. एकदा बूड टेकलं की जन्मभर हलायचं नाही. म्हणून आधी पायाने चाचपतं, आपल्या जातीच्या शिंपांचा वास लागला की बसतं. तुझ्याकडे त्याला सोड्याचा वास येतो."

"माझ्या अंगणात येऊन मलाच शिकवतोस, मेल्या?" तिने खराटा फेकला. मी वाकलो, तो थेट मढला जाऊन पडला.

पण ऐकलं होतं तिने. आठवड्याभरात आमच्या परसातला शिंपांचा ढीग गायब, आणि काकूच्या खडकाच्या खाचाखाचांत शिंपा ठोकून बसवलेल्या. आईने कोयतीला धार लावून ठेवली. त्या शिंपांवर कालवं धरली, पोसली, आणि मग एका ओहोटीला आई पाटी-कोयती घेऊन रेघ ओलांडून गेली.

"खडक माझा!" काकू किंचाळली.

"शिंपा माझ्या!"

"माझ्याकडे आली ती!"

"माझ्या शिंपांच्या वासावर आली!"

दोघींनी एकमेकींच्या कोयत्या धरल्या त्या सोडल्याच नाहीत. आवाज असा, की बोरिवलीच्या जंगलातले बिबटे दार लावून बसले. भरती चढली. पाणी कमरेला लागलं तशा दोघी रिकाम्या पाट्या घेऊन घरी आल्या.

जेवायला पेज आणि मीठ. कुंपणापलीकडून काकूचा आवाज आला, "काय वहिनी, झालं का कालवण?"

"झालं गो," आई म्हणाली. "तुझ्यासारखंच."