रापीच्या दगडावर घासलेली तरवडाची बी

पंचवटीच्या पुढे, आग्रा रोडच्या अंगाला आम्ही दोन खोल्या बांधल्या, तेव्हा अंगणात नुसता मुरूम होता. गुलाब लावला, गेला. मोगरा लावला, तोही गेला. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी शाळेत विज्ञान शिकवायची. आमच्या घराण्यातली पहिली बी.एस्सी. मीच, आणि हे मी चारचौघांत सांगायचीही. शेजारच्या निवृत्त मास्तरांना तर पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हटलं, "शेती."

आमच्याकडे वीतभर शेत नव्हतं. आबा कातडं कमावायचे. येवल्याकडच्या आमच्या गावात निम्म्या विहिरींच्या चामडी मोटा त्यांच्या हातच्या. पुढे इंजिनं आली, मोटा गेल्या, आबा चपला शिवायला लागले. त्या चपलांवर मी शिकले.

तरवड मला ठाऊक तो यामुळेच. कातडं कमावायला त्याची साल लागते. जिथे गवतही करपतं अशा माळावर हे झुडूप पिवळ्याधमक फुलांनी लगडलेलं असतं. शेळी तोंड लावत नाही, म्हणजे कुंपणाचीही कटकट नाही. मी गावाकडून शेंगा आणल्या, वाफा केला, शेणखत घातलं, रोज पाणी दिलं. दोनदा पेरलं. एक कोंब वर आला नाही. पोरांना बीजांकुरण शिकवणारी मी! उकरून पाहिलं तर बी जशीच्या तशी, खड्यासारखी.

मे महिन्यात आबा राहायला आले. वाफा बघून हसले.

"काय मास्तरीणबाई, कॉलेजात हे नाय शिकवलं?"

"बीला पाणी लागतं, एवढं शिकवलंय."

"पाणी आत शिरंल तवा ना! तिचं कातडं लय जाड. आधी घासावं लागतं. आन् खत कशाला? माळाला कोण खत घालतंय?"

पिशवीतून त्यांनी रापीला धार लावायचा दगड काढला. कातडं कापायची रापी आणि तो दगड, ही जोडी पाहुणे म्हणून जातानाही त्यांच्यासोबत असायची. ओट्यावर बसून एकेक बी घेऊन तिची एक कड घासू लागले. वरचा काळपट रंग जाऊन आत फिकट दिसलं की थांबायचं. मग रात्रभर पाण्यात ठेवायची, आणि सकाळी टम्म फुगलेली तेवढीच पेरायची. तीही कायमच्या जागेवर, कारण मूळ सरळ खाली जातं. उपटून दुसरीकडे लावलं की झाड रुसतं. पुढच्या वर्षी या पद्धतीनं नऊ झुडपं फुलली, पण ते नंतरचं.

त्या दुपारी शेजारचे मास्तर मधल्या भिंतीपाशी आले. "काय बाबा, यंदा शेतात काय पेरणार?"

आबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि त्यांना सगळं कळलं.

"बाजरी," आबा म्हणाले. "बाजरीच बरी आमच्याकडं."

माझ्यासाठी आबा खोटं बोलले. उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाशीही न बोललेले.

"मास्तर," मी म्हटलं, "आम्हाला शेत नाही. मी खोटं सांगितलं होतं. आबा कातडं कमावायचे, आता चपला शिवतात. हा दगड रापीचा आहे."

मास्तरांनी एकदा दगडाकडे पाहिलं. "असं होय," म्हणाले आणि आत गेले. पुढेही ते बोलायचे, नाही असं नाही. पण आमच्याकडचा चहा त्यांनी परत कधी घेतला नाही.

आबा माझ्यावर चिडले. "कशाला बोललीस? मी चार दिवसांचा पाहुणा. तुला हितं ऱ्हायचंय."

"राहायचंय म्हणूनच बोलले."

त्यांनी दगड माझ्यापुढे सरकवला. पहिल्या तीन बिया मी जास्तच घासल्या.

"तिन्ही मेल्या," आबा म्हणाले, आणि चौथी माझ्या हातावर ठेवली.