काटेवाल्याचं घड्याळ

“ओ काका! ओ काका! चार घड्याळं बांधून कुठं निघालात? अरे, धरा कुणीतरी त्यांना!”

पनवेलच्या टपाल नाक्यावरचा तो घड्याळांचा दुकानदार एवढ्या मोठ्यानं ओरडला की रिक्षा जागच्या जागी थांबल्या, हातगाडीवरची कच्ची केळी पिकली आणि समोरच्या शिंप्यानं कुणाची तरी पँट गुडघ्यातच कापली. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर मोजणी बिघडली असती. दोन घड्याळं डाव्या मनगटावर, दोन उजव्या, मान ताठ, पाऊल एकसारखं. कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत गेलो, उभ्या उभ्या एक ग्लास उसाचा रस प्यालो आणि तसाच परत फिरलो. तोवर दुकानदार अनवाणी अर्ध्या रस्त्यात आला होता.

“पळून जात नाहीये हो,” मी म्हणालो. “काटा तपासतोय.”

“कसला काटा? डिजिटल आहेत सगळी!”

त्याचा दोष नाही. मी तीस वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर काढली, हे काही माझ्या कपाळावर लिहिलेलं नाही. रिकामा ट्रक तोलायचा, मग भरलेला तोलायचा, मधला फरक म्हणजे माल. एवढंच काम. पण काटा नवा बसवला की आमची एक रीत होती. एकच गाडी तीनदा चढवायची. तिन्ही वेळा आकडा सारखा आला तर काटा शहाणा, नाहीतर मेकॅनिकला बोलवा. माझा काटा तर असा होता की ट्रकच्या टपावर बसलेल्या कावळ्यानं मान वळवली तरी आकडा हलायचा. शपथेवर सांगतो. शपथ कुणाची ते विचारू नका.

तर चार घड्याळांनी चार आकडे दिले. पहिलं म्हणालं दोनशे मीटर, दुसरं म्हणालं अडीचशे. तिसऱ्याच्या मते मी दुकानातून हललोच नव्हतो. चौथ्यानं मात्र कमाल केली. मी रस पीत उभा होतो तेव्हाही त्यानं पावलं मोजली आणि वर कॅलरी जळाल्याचंही सांगितलं. रस पिऊन बारीक होणारा अख्ख्या पनवेल तालुक्यात मी पहिलाच.

“हे चौथं द्या,” मी म्हणालो.

“काका, ते सगळ्यात थापाडं आहे. नुसता हात हलवला तरी मोजतं. झोपाळ्यावर बसलात तर मुंबईला पोचवेल तुम्हाला.”

“म्हणूनच.”

त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. साठी उलटलेला, पोट सुटलेला माणूस. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला थापाडं घड्याळ मागणारं गिऱ्हाईक भेटलं असावं. “घ्यायचंय कशासाठी?”

“मुलीच्या फोनवर दिसायला हवं. मेलबर्नला असते.”

“मग हे उपयोगाचं नाही. हे बिचारं मुकं आहे, ह्याचं बोलणं ह्याच्यापाशी. हे कपाटातलं घ्या. ह्याच्या पोटात स्वतःचं सिमकार्ड आहे आणि वरून उपग्रह नजर ठेवतो. तुम्ही कुठून कुठं गेलात, किती वेगानं गेलात, छाती किती धडधडली, सगळं नकाशावर रेघ मारून दाखवतो. एक मीटर इकडचं तिकडे नाही.”

मला घाम फुटला. काटा तपासायला साहेब यायचे, त्यांना बसवून चहा पाजता यायचा. उपग्रहाला चहा कसा पाजायचा? पण मुलीनं नेमकं हेच सांगितलं होतं, “बाबा, घड्याळ घ्या, म्हणजे तुमचं धावणं मला इथं दिसेल.” घेतलं. आणि खरं बोलणारी वस्तू मनगटाला बांधून खोटा माणूस घरी आला.

आता खोटं काय ते सांगतो.

बायको गेल्याला तीन वर्षं झाली. सुरुवातीला मुलगी रोज फोन करायची. आम्ही दोघं रडायचो, मग गोळ्यांची चौकशी व्हायची, मग नुसती हवेची. “तिकडे गरम आहे का?” “आहे.” “इकडे थंडी आहे.” मग फोन आठवड्यावर आला. तिची चूक नव्हती. हवेवर माणूस किती बोलणार? एकदा असंच दोघांकडचं बोलणं संपलं, फोनमध्ये नुसती खरखर उरली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आज पाच किलोमीटर धावलो.”

“काय? तुम्ही? बाबा!”

कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज असा उडाला होता. ती स्वतः धावते. तिथं नदीकाठी सकाळी पोरीबाळी धावतात म्हणे. त्या दिवशी ती अर्धा तास बोलली. बूट कसे हवेत, आधी काय खायचं, श्वास कसा घ्यायचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत फोन! तिची तिकडे जेवणाची सुट्टी असते. “बाबा, किती?”

“सहा,” मी म्हणालो.

तेव्हापासून रविवार सोडून रोज सातला फोन. सहाचे सात झाले, साताचे आठ. आठाच्या पुढं मात्र मी गेलो नाही. खोटं बोलतानाही माणसाला दम लागतो.

खरं अंतर असं: आमच्या बिल्डिंगच्या फाटकापासून तलाव अर्धा किलोमीटर. तिथं एक बाक आहे. मी त्या बाकावर बसतो. माझ्यासमोरून अख्खं पनवेल धावतं. जाडे, बारके, लेंग्यातले, चड्डीतले. कुणी कुणी हात करतं. मी हात करतो. मग अर्धा किलोमीटर परत.

म्हणजे घड्याळानं खरं सांगितलं की माझे आठ किलोमीटर गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ सकाळचा फोनही गेला. त्या दोन-चार मिनिटांच्या फोनसाठी मी पाचला उठून दाढी करतो, हे कुणाला सांगू नका.

पहिला आठवडा थापांवर काढला. सोमवारी चार्जर बिघडला. मंगळवारी मनगटाला पुरळ आलं. बुधवारी म्हणालो, विमानतळ झाल्यापासून आमच्याकडचे उपग्रह जरा गोंधळलेत.

“बाबा, काहीतरीच,” ती हसली. “सोमवारपासून नक्की घाला हं.”

शनिवारी दाराशी आरोळी आली, “म्हावरंऽऽ! ओ शेट, बोंबील हायेत, ताजे हायेत!”

ही आमची मासेवाली. उरणहून पहाटेच्या टेम्पोनं येते, सगळ्यात आधी आमच्या जिन्यात शिरते आणि मग डोक्यावर पाटी घेऊन दुपारपर्यंत अख्खी कॉलनी, मागच्या चाळी, तलावापलीकडच्या सोसायट्या पालथ्या घालते. वय माझ्याहून दहा वर्षांनी कमी, तरी मी तिला मावशी म्हणतो. सगळे म्हणतात. ती बोंबील निवडत होती आणि मी तिच्या पायांकडे बघत होतो. माझ्या काट्यावरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडी कोण चालवतोय याच्याशी काट्याला काय देणंघेणं? त्याला फक्त वजन कळतं! तसं घड्याळाला तरी काय कळणार, मनगट कुणाचं ते?

“मावशी, एक काम कराल? हे घड्याळ जरा हातात घालून फिरा. दुपारी जाताना परत द्या.”

तिनं पाटी खाली ठेवली. “यात बॉम हाय का?”

“छे हो. किती चाललो ते मोजतं.”

“मंग तुमी चाला ना. मना कशाला चालवताव?”

तिला खरं सांगितलं. दुसरं काही सुचलंच नाही. ऐकता ऐकता तिनं पदर तोंडाला लावला आणि हसून हसून एक बोंबील खाली पाडला. “बाय माझे! सोताच्या पोरीला फशिवताव? या वयाला?” पण सोमवारी सकाळी आली आणि बांगड्या मागं सारून हात पुढं केला. “बांधा. पन रोज म्हावरं घ्यावं लागंल.”

त्या दिवसांत मी इतके बोंबील खाल्ले की मांजरं मला वाकून नमस्कार करू लागली.

पहिल्याच दिवशी साडेनऊ किलोमीटर! घड्याळ दुपारी परत आलं, फोन उघडला, नकाशावर रेघ उमटलेली. रेघ प्रत्येक दाराशी थांबत होती. कुठल्या बाईनं किती घासाघीस केली तेसुद्धा दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सातला फोन.

“बाबा, किती?”

“साडेनऊ. बघितलं असशीलच.”

“हो, मस्त. वा!”

मी सुटकेचा निःश्वास टाकला तो थेट खांदेश्वरपर्यंत गेला. आठवडा असा राजासारखा गेला. मंगळवारी दहा, बुधवारी नऊ, गुरुवारी उपासवाल्यांमुळं जरा कमी. रोज ती विचारायची, रोज मी सांगायचो, रोज ती म्हणायची, वा.

आणि शनिवारी मावशी दुपारी आलीच नाही.

एक वाजला, दोन वाजले. फोन उघडून बघतो तर माझी रेघ पनवेलच्या बाहेर पडलेली. ताशी चाळीसच्या वेगानं! उलव्याकडच्या नव्या बिल्डिंगा मागं टाकत मी निघालो होतो उरणला. माल लवकर संपला असणार, आणि घाईत ती टेम्पोत चढली असणार, हातातलं घड्याळ विसरून. तेव्हा कुठं माझी चूक माझ्या लक्षात आली. तीस वर्षं मी ज्या काट्यावर होतो तो जमिनीत पुरलेला होता. गाडी यायची, तोलली जायची, निघून जायची, काटा तिथंच. घड्याळ मात्र गाडीबरोबर जातं, हे काटेवाल्याच्या डोक्यात येणार कसं?

संध्याकाळी तर कहर झाला. फोनवर आपोआप अक्षरं आली: नृत्य. एक तास. मग दीड. ठोके एकशे तीस! उरणला कुणाच्या तरी घरी हळद होती आणि मावशी नाचत होती. बाजा मला ऐकू येत नव्हता, पण ठोक्यांवरून ताल कळत होता. एकशे तीस, एकशे चाळीस, जरा दम, पाणी प्यायलं असेल, परत एकशे पस्तीस. मी पनवेलला स्वयंपाकघरात सकाळचा वरणभात गरम करत उभा होतो आणि माझ्या नावाचं काळीज तिकडे मांडवात उड्या मारत होतं. भात खाली लागला तरी मी फोन ठेवला नाही. कितीतरी दिवसांनी घरात कुणाचं तरी काही चाललेलं होतं.

मग भीती बसली. आता मुलगी हे बघणार. साठी उलटलेला बाप ताशी चाळीसनं उरणला धावला आणि दीड तास नाचला! मी सबबी जुळवायला बसलो. एका सबबीत कोळ्यांची शर्यत होती, दुसरीत मला चुकून वऱ्हाडी समजून उचलून नेलं होतं. दोन्ही फर्स्टक्लास. फोन उशाशी ठेवला. वाजला नाही.

रविवारी सकाळी मावशी आली, पायरीवर बसली आणि घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं.

“चूक झाली शेट. भाचीची हलद व्हती, गडबडीत राह्यलं हातावं. पन तुमचं घड्याल काय नाचलं! समदी इचारत व्हती, कुनी दिलं, कुनी दिलं. मी सांगलं, हाय एक म्हातारा गिराईक.”

“छान.”

“पोरीनं बघितलं आसंल ना? काय बोल्ली? लय ओरडली?”

“अजून फोन नाही आला.”

ती बोंबील मोजता मोजता थांबली. “रविवार हाय ना. येल उद्या. माझी पोर जासईला दिलीय. काल हलदीवरनं घरी पोचायला घटकाभर उशीर झाला तर फोनवं ही बोंब! कुटं व्हतीस, का नाय सांगलंस. कान फुटला माझा.” आणि मग जरा हळू, “येल उद्या. घ्या, हा एक वरचा घ्या.”

तो अख्खा रविवार मी घरात येरझाऱ्या घातल्या. दुपारपर्यंत मनातल्या सबबी विरून गेल्या होत्या आणि भलतीच आशा धरली होती. ओरडू दे. बाबा, हा काय चावटपणा आहे, म्हणू दे. उरणला कुणाकडे होतात, एवढे ठोके कशानं वाढले, डॉक्टरकडे गेलात का, कान फुटेपर्यंत विचारू दे. खोटं पकडलं जावं म्हणून माणूस फोनकडे बघत बसलाय, असं काट्यावरच्या तीस वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं.

सोमवारी सातला फोन वाजला. मी पहिल्या घंटेला उचलला.

“बाबा, किती?” मागं कुणीतरी भांडी वाजवत होतं.

“शनिवारचं बघितलंस?”

“शनिवारी काय होतं?”

“उरण! अगं उरण! चाळीसच्या वेगानं! दीड तास नाच!” आणि मग मी सगळं ओकलो. मासेवाली, तिच्या बांगड्या, साडेनऊ किलोमीटर, त्याच्या आधीचे आठ, सात, सहा, आणि अगदी पहिले पाच. तलावावरचा बाक. आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीतरी तिखटमीठ न लावता सांगत होतो, आणि ते एवढं छोटं निघालं की दोन मिनिटांत संपलं. भांड्यांचा आवाज थांबला होता.

“बाबा, तुमच्या घड्याळाचं फोनवर येणारं सगळं मी पहिल्याच दिवशी बंद करून ठेवलंय,” ती म्हणाली. “मीटिंगमध्ये सारखं वाजत होतं.”